गोल तोरण: चिकटवू नका, बांधा

प्रश्न: ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय. "गेल्या दिवाळीत घरातल्या टाकाऊ सामानातून दारासाठी गोल तोरण केलं, ख्रिसमसला लावतात त्या रीथसारखं. पुठ्ठ्याची रिंग, त्यावर लग्नपत्रिकांच्या कागदाची फुलं आणि पिस्त्याची टरफलं, सगळं ग्लू गनने चिकटवलेलं. एप्रिलमध्ये फुलं गळायला लागली, जुलैत रिंग वाकडी झाली आणि मागून कसर निघाली. दोन-तीन वर्षं टिकेल असं कसं करायचं? नवीन सामान शक्यतो आणायचं नाहीये. शिवाय मैत्रिणी विकत मागतायत, तर किंमत काय लावू?"

ताई, तुमच्या हातात काही खोट नाही. तोरण एकाच कारणाने बिघडलं असतं तर सांगणं सोपं होतं, इथे तीन वेगवेगळी कारणं आहेत.

पहिलं म्हणजे ग्लू गन. तिच्यातली डिंकाची कांडी उष्णतेने वितळते म्हणूनच चिकटते, आणि उष्णतेनेच पुन्हा मऊ पडते. दार पश्चिमेला असेल आणि बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असेल, तर एप्रिलमधल्या दुपारी चार वाजता त्या दाराला हात लावून बघा. विदर्भात पारा ४५च्या घरात जातो, तिथे तर ग्लू गनचं काम एक उन्हाळासुद्धा काढत नाही. दुसरं, पुठ्ठा. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा म्हणजे स्टार्चच्या खळीने चिकटवलेले कागदाचे थर. पावसाळी हवा तो पोटभर पितो आणि वाकतो, आणि कसरीला तर खळ म्हणजे मेजवानीच. तिसरं, पिस्ते. खारे पिस्ते खाऊन टरफलं तशीच लावली असतील, तर त्यांच्यावरचं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. टरफलं चिकट होतात, डिंक सुटतो आणि जवळपास तार असेल तर ती गंजते.

माझं सगळं उत्तर एका वाक्यात हवं असेल तर ते असं: तोरणाचा पाया कापडाचा करा आणि त्यावर जे लावाल ते बांधा किंवा शिवा, चिकटवू नका. डिंक फक्त फुलाच्या आत वापरायचा, फूल आणि पाया यांच्यामध्ये नाही. आता तपशिलात सांगते.

पाया आधी. डोक्यावर हंडा घ्यायला बायका जुन्या लुगड्याची चुंबळ करायच्या, ती तुम्ही पाहिली असेलच. आपल्याला तीच करायची आहे, फक्त मोठी आणि आत तार घातलेली. ड्रायक्लीनचे कपडे ज्या लोखंडी तारेच्या हँगरवर येतात, तसा एक हँगर घ्या. त्याचा त्रिकोण हाताने वाकवून गोल करा, साधारण १२ इंच व्यासाचा गोल मिळतो. मानेशी तारेला जो पीळ असतो तो उलगडू नका. वरचा आकडाही ठेवा, पुढे तोच लटकवायला कामी येतो. गोल अगदी कंपासने काढल्यासारखा नसला तरी बिघडत नाही, कापड चढलं की उणंअधिक झाकलं जातं.

मग जुनी सुती साडी. विरलेली चालेल, किंबहुना विरलेलीच बरी, कारण तिला पीळ छान बसतो. अर्धी साडी घ्या, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास. एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधा, दुसरं हातात धरून ताणा आणि एकाच दिशेने पिळत जा. सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं. मग दोर कडक होतो आणि ताण जरा सैल केला की आपणहून वेटोळी घालायला लागतो. तिथे थांबा. आता दोराचा मध्य कुणालातरी धरायला सांगा, तुमच्या हातातलं टोक गजाकडच्या टोकापाशी न्या आणि मध्य सोडायला सांगा. दोन्ही पदर गर्रकन एकमेकांत गुंततात आणि दोन पदरी जाड दोर तयार होतो, मीटरभरापेक्षा थोडा लांब. हा दोर हँगरच्या गोलावर एकदा फिरवला की पुरतो, वर तीन-चार इंच उरतात. ती टोकं एकमेकांवर चढवा आणि दाभणात सुतळी किंवा गोधडीचा दोरा ओवून तारेसकट आरपार टाके घाला. मग पूर्ण गोलावर दर चार बोटांवर एक टाका तारेला धरून घाला, नाहीतर महिन्याभरात दोर तारेवरून घसरून खाली लोंबतो.

उरलेल्या अर्ध्या साडीच्या तीन इंच रुंद पट्ट्या फाडा. सुती कापड कात्रीने थोडं कापून हाताने टर्रकन फाडलं तर रेष सरळ येते. पट्टी दोरावर तिरकी गुंडाळायची, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवून. दोन-तीन पट्ट्या लागतात. शेवटचं टोक मागच्या बाजूला आत मुडपून शिवा. रंग बाहेरच्या पट्टीचा दिसतो, त्यामुळे आतली साडी कसल्याही रंगाची असली तरी चालते. हिरव्या साडीची पट्टी वर घेतली तर पानं कमी लागतात, हे माझं गुपित समजा.

जुन्या वस्तूचा पाया करून गोल सजवणं यात नवीन काही नाही. ख्रिसमसच्या आधी मेणबत्त्या लावतात त्या ॲडव्हेंटच्या चक्राची गोष्ट अशीच आहे. १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिश विखर्न हा गृहस्थ गरीब मुलांसाठी संस्था चालवत होता. ख्रिसमस किती दिवसांवर आला हे मुलांना कळावं म्हणून त्याने गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर आठवड्यातल्या दिवसांसाठी २० लहान लाल मेणबत्त्या आणि रविवारांसाठी ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. आज दुकानातून रिंग विकत आणून त्यावर "टाकाऊतून टिकाऊ" करणाऱ्यांनी हे चाक आठवावं!

कापडाचा पाया नकोच असेल, दार उघड्यावर असेल आणि पावसाची झड थेट येत असेल, तर बागेत पाणी घालायच्या जुन्या नळीचा मीटरभर तुकडा घ्या. दोन्ही टोकांत संपलेल्या जाड पेनाची नळी किंवा लाकडाची काडी ठोकून घट्ट बसवा, वरून तारेने आवळा. फुटक्या चाळणीची कडही चालते. वर्तमानपत्राच्या गुंडाळ्यांचा पाया मात्र फक्त घरातल्या भिंतीसाठी आणि कोकणात-मुंबईत तोही पावसाळा सोडून. आणि थर्माकोलच्या रिंगचं नावच काढू नका. राज्यात मार्च २०१८च्या अधिसूचनेपासून आणि देशभर १ जुलै २०२२पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. "टीव्हीच्या खोक्यातला घरात पडलाय, तो तरी वापरू का" असं हमखास विचारतात. माझं उत्तर नाही असंच असतं. सहा महिन्यांत त्याचे मणी सुटतात आणि जिन्यातून गटारात जातात.

आता वर काय लावायचं. इथे माझं मत थोडं तिखट आहे. भंगारवाला जे आनंदाने नेतो ते त्यालाच द्या. रद्दी, पाण्याच्या बाटल्या, डबे, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या यांचा पुढे खरोखर पुनर्वापर होतो. त्यावर रंग, चमकी आणि डिंक थापला की ते ना धड शोभेचं राहतं ना भंगारवाल्याच्या कामाचं. आपण उचलायचं ते कुणी नेत नाही असं सामान: फाटक्या साड्या, टेलरकडच्या कातरणी, चकचकीत लॅमिनेशनच्या पत्रिका, वेफर्सची पाकिटं, ज्यूसचे टेट्रापॅक, जोडी हरवलेली कानातली, पिचलेल्या बांगड्या, बटणं, मोडक्या चेन.

साड्यांबद्दल एक सावधगिरी. आजीची जरीकाठी कापायच्या आधी जर खरी आहे का ते बघा. काठाचा एकच धागा काढून बाहेर ओट्यावर, चिमट्यात धरून जाळा. वितळून गोळा झाला तर प्लॅस्टिकची जर आहे, बिनधास्त कापा. बारीक धातूची तार मागे उरली तर थांबा. जुनी खरी जर वजनावर विकत घेणारे लोक आहेत, ती चांदीची असू शकते.

कापडाचं सगळ्यात सोपं फूल असं. दोन इंच रुंद, दीड वीत ते दोन वीत लांब पट्टी घ्या. एका लांब कडेने धावदोरा घाला, टाके मोठे असू द्यात. दोरा ओढला की पट्टी चुण्या पडून गोल होते. टोकं जोडून शिवा, मध्यभागी जुनं बटण लावा आणि त्याच दोऱ्याने फूल पायाला शिवून टाका. केशरी आणि पिवळ्या कापडाची दोन-तीन थरांची केली तर झेंडूच वाटतात. पॉलिस्टर किंवा सॅटिनचं कापड असेल तर लहानमोठ्या चकत्या कापून कडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून जरा दूर फिरवतात. कडा आत वळते आणि दशाही निघत नाहीत. दिसतं सुंदर, पण वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटतं आणि खोल भाजतं. हे काम मोठ्या माणसाने, चिमटा घेऊन, गॅलरीत करायचं. मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरात तर नाहीच.

पत्रिकांची फुलं तुम्हाला जमतातच, फक्त बांधायची सोय आधी करून ठेवावी लागते. चार इंची चकती कापा, बाहेरून आत अशी गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल कापत जा आणि मध्यभागी रुपयाएवढा गोल शिल्लक ठेवा. गुंडाळायच्या आधीच त्या शिल्लक गोलाला दाभणाने दोन भोकं पाडा आणि एक तार ओवून तिची दोन्ही टोकं मागे सोडा. मग बाहेरच्या टोकापासून गुंडाळत आत या, हातातली गुंडाळी जरा सैल सोडा म्हणजे गुलाब उमलतो, आणि मधल्या गोलावर पांढऱ्या फेविकॉलने बसवा. रात्रभर कपड्याचा चिमटा लावून ठेवा. फेविकॉलला वेळ आणि दाब दोन्ही लागतात, पाच मिनिटांत सुटलं म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फुलाच्या मागची तार पायाभोवती फिरवून पिळली की झालं. उन्हाने डिंक गेला तरी फूल खाली पडत नाही.

तार विकत आणू नका. सोसायटीत इंटरनेटवाला जोडणी करून गेला की जिन्यात केबलचे तुकडे पडलेले असतात. वरचं साल सोललं की आत आठ बारीक रंगीत तारा मिळतात, हिरवी, केशरी, निळी, तपकिरी आणि त्यांच्या पांढऱ्या जोडीदारणी. बहुतेकदा त्या एकसंध तांब्याच्या असतात, वाकवल्या की वाकलेल्या राहतात, गंजत नाहीत, आणि हिरवी तर पानात दिसतसुद्धा नाही.

पत्रिकेवर गणपती असतो, त्याला कात्री लावायची नाही म्हणून घराघरांत पत्रिकांचे गठ्ठे पडून आहेत. चित्र आधी अख्खं कापून बाजूला काढा. लावायचंच असेल तर तोरणाच्या वरच्या बाजूला मध्यभागी, वर काही न चिकटवता. नाहीतर वहीत ठेवा. उरलेला कागद मग मोकळ्या मनाने वापरता येतो.

पिस्त्याची टरफलं कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, पाणी बदलून पुन्हा धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. खात्री हवी असेल तर एक टरफल जिभेला लावून बघा. टरफलाला भोक पाडणं कटकटीचं असतं, म्हणून ती कापडाच्या छोट्या चकतीवर पाकळ्यांसारखी लावायची आणि चकती पायाला शिवायची. इथे डिंक टाळता येत नाही. ॲराल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा डिंक घ्या, तो उन्हात ग्लू गनसारखा ढिला पडत नाही. एवढी एकच खरेदी मी तुम्हाला सांगते आहे.

आंब्याची पानं करायला टेट्रापॅक झकास. उघडून, धुऊन, सपाट करून खरं आंब्याचं पान वर ठेवून पेनने आखा. चंदेरी बाजू वर घेऊन बोथट दाभणाने मधली शीर आणि बाजूच्या शिरा दाबून काढल्या की पानाला आकार येतो. कागदाचा थर कडेने पाणी पितो, म्हणून कडांवरून घट्ट होत आलेली जुनी नेलपॉलिश फिरवा. वेफर्सच्या पाकिटाला आधी साबण, मगच कात्री. आतलं तेल राहिलं तर दुसऱ्या दिवशी दारावर मुंग्यांची रांग. त्याच्या बारीक पट्ट्या कापून खाली झिरमिळ्या सोडता येतात. हिरव्या बांगड्या तीन-तीन एकत्र बांधून लटकवल्या तर दार उघडताना किणकिणतात. मला आवडतं ते, शेजाऱ्यांचं त्यांनाच विचारा.

एक मोह टाळा. जेवढं सामान आहे तेवढं सगळं त्यावर चढवू नका. पायाचा निदान तिसरा हिस्सा मोकळा दिसू द्या. फुलांचे तीन-तीनचे दोन झुबके एका बाजूला जरा खाली, बाकी पानं, असं बरं दिसतं. पूर्ण गोल भरलेलं तोरण लांबून शेवंतीच्या वेणीचं भेंडोळं वाटतं.

लावताना आधी मोजा. सेफ्टी डोअर बंद केल्यावर आतलं दार आणि जाळी यांच्यात किती जागा उरते? हँडल धरून बऱ्याच फ्लॅटमध्ये ती एवढीशीच असते, आणि गुबगुबीत तोरण तिथे रोज चिरडतं. दोन इंचांपेक्षा जास्त जाडी असेल तर सरळ जाळीच्या बाहेरच्या अंगाला लावा. खिळा न ठोकता परकराच्या जुन्या नाडीने वर दोन ठिकाणी आणि खाली एका ठिकाणी बांधा. एकाच जागी टांगलेलं तोरण वाऱ्याने फिरतं, आपटतं आणि मागची बाजू पुढे करून बसतं. भिंतीला लावलं तर मागे पाल घर करते, तेव्हा आठवड्याला एकदा झटका.

दिवाळीत पणत्यांची जागा तोरणाच्या बरोबर खाली नको. कापड, कागद, पाकिटाची झिरमिळी, सगळं पेट घेणारं आहे. उंबऱ्याच्या दोन्ही कोपऱ्यांत, तोरणापासून हातभर लांब पणत्या ठेवा आणि झिरमिळ्या आखूडच सोडा.

शिवलेल्या-बांधलेल्या कामाचा खरा फायदा सण बदलला की कळतो. पाया वर्षभर तोच. दसरा-दिवाळीला झेंडूचे झुबके, डिसेंबरात लाल फुलं आणि टेट्रापॅकचे तारे, पाडव्याला तारेच्या फटीत कडुनिंबाची ताजी डहाळी खोचायची. मे अखेरीस फुलं सोडवून घ्या, कागदाची वेगळ्या डब्यात कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासह ठेवा. कापडाचा पाया बादलीत बुडवून धुवा, कडकडीत वाळवा आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून खुंटीला टांगा. कपाटात आडवा, वर गाद्या, असा ठेवलात तर अंड्याच्या आकाराचा होऊन निघेल. आतला हँगर पाण्याने गंजतो, म्हणून पहिल्यांदा कापड चढवण्याआधीच त्यावर जुन्या ऑइलपेंटचा एक हात फिरवून घ्या.

सरळ तोरण हवं असेल तर पद्धत हीच, पाया तेवढा वेगळा. साडीचा काठ दुहेरी घडी घालून शिवा, चौकटीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे वीतभर जास्त ठेवा. काठ आधीच घट्ट विणीचा असतो, तो झोळत नाही.

किंमतीचं. सामान फुकटचं म्हणून तोरण दीडशे रुपयांना देणाऱ्या ताया मी खूप पाहते, आणि दुसऱ्या वर्षी त्या करणं सोडतात. तुमच्या सवयीच्या वेगाने एक तोरण करा आणि पिळण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत लागलेले तास लिहा, कापड धुण्या-वाळवण्याचे धरून. तुमच्या भागात पिको-फॉल करणारी बाई तासाला जेवढं कमावते त्याने ते गुणा, वर डिंक-दोरा आणि प्रदर्शनाच्या टेबलाचं भाडं धरा. आकडा मोठा वाटला तर किंमत पाडू नका, तोरण लहान करा. आठ इंची पायाला साडीही कमी लागते आणि फुलं चार-पाच पुरतात.

आणि विकताना एक गोष्ट आधीच विचारून घ्या. पुष्कळ घरांत मंगल कार्याच्या दाराला वापरलेलं कापड चालत नाही. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी टेलरकडच्या कोऱ्या कातरणी पिळून पाया करा. तुकडे आखूड असतात म्हणून आधी टोकाला टोक शिवून लांब पट्टी करावी लागते, वेळ जरा जास्त जातो आणि किंमतही तेवढी जास्त लावा. कोऱ्या कापडाची पिशवी आणि वापरलेल्या साड्यांची पिशवी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकाने विचारल्यावर आठवत बसावं लागणार नाही.